राज्य आणि सरकार

रस्त्याला खड्डा पडला, नळाला पाणी आलें नाहीं किंवा धान्य महागलें, म्हणजे घरोघर एकच उद्गार निघतो, "सरकार करतें तरी काय?" पण सरहद्दीवर संकट आलें कीं तोच गृहस्थ म्हणतो, "वाटेल तें होवो, देश राखलाच पाहिजे." पहिल्या वाक्यांत तक्रार आहे, दुसऱ्यांत निष्ठा आहे. ज्याविषयीं तक्रार तें सरकार, आणि ज्याविषयीं निष्ठा त्याच्या राजकीय स्वरूपास राज्य म्हणतात. या दोहोंतील भेद ओळखणें हा राज्यशास्त्राचा पहिला धडा होय.

राज्याचीं अंगें चार. स्थायिक लोक, निश्चित भूमि, अंमल चालविणारी शासनसंस्था, आणि चौथें सार्वभौमत्व; म्हणजे आंत सर्वांवर चालणारी व बाहेर कोणाच्याहि हुकमतीखालीं नसलेली सत्ता. मंडळाला किंवा पेढीलाहि नियम असतात. पण ते न पटल्यास माणूस त्यांतून बाहेर पडूं शकतो. राज्याचा कायदा मात्र त्याच्या हद्दींत प्रत्येकाला पाळावा लागतो, व त्याच्यामागें दंडाचें बळ असतें.

असा विचार या देशांत नवा नाहीं. कौटिल्यानें स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र अशीं राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत. त्याच्या 'जनपदां'त लोक आणि भूमि हीं दोन्हीं येतात. मात्र तेथें अग्रस्थान स्वामीला, म्हणजे राजाला आहे. आजच्या मांडणींत राजा असलाच पाहिजे असें नाहीं.

हीं अंगें सुटीं सुटीं करून पाहण्यास औंध संस्थानाचा इतिहास फार उपयोगी पडतो. सातारा जिल्ह्यांत व त्याच्या आसपास तुकड्यातुकड्यांनीं पसरलेलें हें लहानसें संस्थान; गांवें अवघीं बहात्तर. सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळें सर्वांस परिचित झालेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे तेथील अधिपति. १९३९ सालीं त्यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें घटना जाहीर करून राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. गांवानें आपली पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी, आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळावर प्रतिनिधि जावे, अशी ती पायरीपायरीची रचना होती.

येथें बदललें काय? लोक तेच, भूमि तीच. शासन मात्र एका पुरुषाच्या इच्छेवरून लोकांच्या निवडीवर आलें. सरकारचें स्वरूप पालटलें. आणि चौथें अंग? तें औंधजवळ पूर्वीं नव्हतें, व घटनेनंतरहि आलें नाहीं. परराष्ट्राशीं तह करणें किंवा युद्ध पुकारणें हा अधिकार इंग्रज अधिसत्तेनें स्वतःकडे ठेविला होता. राजानें आपल्याजवळ होतें तें उदारपणें दिलें. जें त्याच्याजवळच नव्हतें, तें देतां कोठून येणार?

१९४७ सालीं ती अधिसत्ता संपली, आणि ८ मार्च १९४८ रोजीं औंध दक्षिणेंतील इतर अनेक संस्थानांबरोबर मुंबई प्रांतांत विलीन झालें. घरें, शेतें, पारावर बसणारीं माणसें जेथल्या तेथें राहिलीं. औंध संस्थान मात्र उरलें नाहीं. केवळ लोक आणि भूमि म्हणजे राज्य नव्हे, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

मग सार्वभौम सत्तेचें मूळ आतां कोठें आहे? २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेंत, ही घटना भारताच्या लोकांनीं स्वतःलाच अर्पण केल्याचें म्हटलें आहे. औंधची घटना राजानें प्रजेला दिली होती. ही लोकांनीं लोकांना दिली. दात्याचे आभार मानले कीं दान घेणाऱ्याचें काम बहुधा संपतें. येथें दाता आणि घेणारा एकच असल्यामुळें, दिलेलें सांभाळण्याचें कामहि त्याच्याच शिरावर येतें.

हें उमगलें म्हणजे दोन भ्रम फिटतात. सरकारवर टीका करणें हा राज्याचा द्रोह नव्हे. सरकार हें राज्याचें एक अंग असून तें निवडणुकींत बदलतां येतें. त्याचबरोबर, सरकार आवडत नाहीं म्हणून कर बुडविणें किंवा कायदा धाब्यावर बसविणें ही सरकारला दिलेली शिक्षा नव्हे. तें आपल्याच घराचे वासे काढणें होय. त्या गृहस्थानें खड्ड्याची तक्रार अवश्य करावी, आणि निकाल लागेपर्यंत सोडूं नये. मात्र ज्या सत्तेच्या नांवानें तो रस्ता बांधला गेला, तिचा एक वांटेकरी तक्रार करणाऱ्याच्याच घरीं बसला आहे, ही गोष्ट त्यानें विसरूं नये.