साहेबाच्या राज्यात सीमा नव्हती म्हणे!

'इंग्रजांच्या वेळी इथं सीमा-बिमा काही नव्हती हो. कोल्हापूर, बेळगाव, सांगली, सगळा एकच मुलूख. सीमा आली ती छप्पन्नला, पुढाऱ्यांनी आणली.' हे बोल बेळगुंदीच्या पारावर ऐकू येतात, निपाणीच्या स्टँडवर ऐकू येतात, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतात, आणि हल्ली सकाळच्या सुविचाराबरोबर मोबाइलवरही येतात. सांगणारा बहुधा वयानं मोठा असतो, म्हणून समोरचे मान डोलावतात. पण मान डोलावून खोटं खरं होत नाही.

बेळगाव म्हैसूरला देण्याच्या छप्पन्नच्या निर्णयाचं दुःख खरं आहे, ते इथं कुणी कुणाला शिकवायला नको. मात्र त्या दुःखाला बळ यावं म्हणून आधीचा इतिहास धुऊन पुसून स्वच्छ करायची काय गरज?

सुरुवात शहापूरपासून करू. आज बेळगावातून शहापुरात शिरताना गाव कुठं बदललं ते नव्या माणसाला कळतही नाही. पण 1948 पर्यंत शहापूर हे सांगली संस्थानचं होतं. बेळगाव ब्रिटिशांचं, शहापूर पटवर्धनांचं. एका गावात इंग्रज कलेक्टरचा हुकूम चालायचा, तर खेटून असलेल्या दुसऱ्या गावात शंभरावर किलोमीटर दूर बसलेल्या सांगलीकर राजेसाहेबांचा. न्यायालय वेगळं, महसूल वेगळा, फौजदार वेगळा. यावर विश्वास बसत नसेल त्यानं 1884 चं बेळगाव जिल्ह्याचं सरकारी गॅझेटियर उघडावं. जुन्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो एकविसावा खंड आहे. जिल्ह्याच्या हद्दीत आणि हद्दीलगत किती संस्थानांचे तुकडे अडकले होते, ते त्यात सापडेल.

तुकडे म्हणजे अक्षरशः तुकडे. रायबाग आणि कटकोळ कोल्हापूरच्या छत्रपतींचे, आणि मधला मुलूख मात्र ब्रिटिशांचा. आसपास जमखंडी, मिरज आणि कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थानं, मुधोळ घोरपड्यांचं, रामदुर्ग भाव्यांचं. पश्चिमेला सावंतवाडीचे भोसले, घाट उतरून गेलं की पोर्तुगीज. त्यातही एकेका घराण्यात वाटण्या झालेल्या. 1801 मध्ये चिंतामणराव पटवर्धन चुलत्याशी भांडून मिरजेतून बाहेर पडले आणि सांगली वेगळी झाली. पुढं मिरजेचीही थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, तशीच कुरुंदवाडची. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीनं या सरदारांशी एकेकट्यानं करार केले. सगळ्यांना एका कायद्याखाली आणायची तिला घाई नव्हती. एकेकटा सरदार सांभाळायला सोपा असतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

आणि रेघा तरी एका जागी राहिल्या होत्या का? चिकोडीचं उदाहरण घ्या. चिकोडी आणि मनोळी या तालुक्यांसाठी कोल्हापूरकर, पटवर्धन आणि निपाणीकर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर वर्षानुवर्षं झगडत होते. 1812 च्या तहात कोल्हापूरनं त्यांवरचा दावा सोडला. पेशव्यांशी झालेल्या युद्धात कोल्हापूर इंग्रजांच्या बाजूनं राहिलं, म्हणून बक्षीस म्हणून हेच तालुके त्याला परत मिळाले. दहाएक वर्षं गेली, छत्रपतींवर साहेबाची मर्जी खप्पा झाली आणि दोन्ही तालुके पुन्हा कंपनीकडे गेले. एका माणसाच्या हयातीत गाव न हलता तीन-चार मालक बदलले. खुद्द बेळगाव जिल्हा धारवाडातून वेगळा काढला तो 1836 मध्ये. तेव्हा 'अमुक तालुका पहिल्यापासून आमचाच' असं कुणीही म्हणालं, मराठी माणूस असो वा कन्नड, की पहिला प्रश्न विचारावा: पहिल्यापासून म्हणजे कोणत्या सालापासून?

गोव्याच्या बाजूला तर जकातीची पक्की सीमा होती. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं ही जकात काही काळ उठली. बारा वर्षांची मुदत संपल्यावर 1892 मध्ये करार मोडला आणि नाकी पुन्हा उभी राहिली. सीमा नव्हती म्हणणाऱ्यांनी त्या काळच्या बैलगाडीवाल्याला विचारायला हवं होतं.

याच समजुतीचं धाकटं भावंड असं: 'तेव्हा आपापसात भांडणं नव्हती, भाषेच्या राजकारणानं ती लावली.' भाषेची नव्हती, हे खरं. बाकी भरपूर होती. सप्टेंबर 1799 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले ते निपाणी-चिकोडीच्या टापूतल्या पट्टणकुडीला. मारणारी फौज ना हैदरची ना टिपूची, ती कोल्हापूरच्या छत्रपतींची होती. दोन्हीकडचे सेनापती मराठीच बोलत होते. 1858 ची गोष्ट तर एकाच घराण्यातली. नरगुंदचे बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला ठार केलं आणि जूनमध्ये बेळगावात फासावर गेले. त्यांचे सावत्र भाऊ रामदुर्गचे संस्थानिक. ते इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. नरगुंद खालसा झालं, रामदुर्ग आणखी नव्वद वर्षं टिकलं.

इथवर ऐकून घेतलेला माणूस शेवटचा हुकमी पत्ता टाकतो: 'ते आपले संस्थानिक हो. साहेबाचं स्वतःचं काम एकसंध असायचं.' हे ऐकलं की मात्र माझा तोल सुटतो. साहेबानं अमेरिकेत ज्या वसाहती वसवल्या, तिथं संस्थानिकही नव्हते आणि पेशवेही नव्हते. राजा एक, भाषा एक. तरी काय झालं ते पाहा. 1632 मध्ये राजानं मेरिलँडची सनद कॅथलिक लॉर्ड बाल्टिमोरच्या घराण्याला दिली. 1681 मध्ये शेजारचं पेनसिल्व्हेनिया क्वेकर पंथाच्या विल्यम पेनला दिलं. दोन्ही सनदांमधली हद्द एकमेकींवर चढली, कारण लंडनच्या टेबलावरचा नकाशाच चुकीचा होता. 1730 च्या दशकात दोन्हीकडचे वसाहतवाले बंदुका घेऊन एकमेकांच्या शेतांत घुसू लागले. मेरिलँडचा टॉमस क्रेसप हा त्यांतला म्होरक्या. 1736 मध्ये त्याचं घर जाळून त्याला बेड्या घालून फिलाडेल्फियात आणलं, तेव्हा तो म्हणाला, मेरिलँडमधलं हे सगळ्यात देखणं शहर दिसतंय! ही आख्यायिका असेल, पण आपल्याकडच्या कुठल्याही सीमासभेत टाळ्या घेईल अशी आहे. अखेर मेसन आणि डिक्सन या दोन मोजणीदारांना इंग्लंडहून बोलवावं लागलं. त्यांनी 1763 ते 1767 अशी चार वर्षं रानावनात दगड रोवत ती रेघ पक्की केली.

बाकीच्यांचंही तसंच. कनेक्टिकटची माणसं पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यात जाऊन बसली, त्यावरून 1769 पासून चकमकी झडल्या आणि इंग्रज गेल्यावरही त्या चालूच राहिल्या. न्यूयॉर्क आणि न्यू हॅम्पशायर एकाच जमिनीचे पट्टे दोघांना विकत होते. त्या भांडणातून व्हर्माँट हे तिसरंच राज्य निघालं आणि 1791 मध्ये संघराज्यात शिरताना त्यानं न्यूयॉर्कला तीस हजार डॉलर मोजून दावा मिटवला. वसाहतींचा स्वभावही एक नव्हता. उत्तरेकडचे प्युरिटन इतके कडक की बोस्टनमध्ये क्वेकरांना फासावर दिलं, दक्षिणेकडचे तंबाखूचे मळेवाले गुलामांच्या घामावर श्रीमंत झालेले. निपाणीच्या तंबाखूवाल्याला व्हर्जिनियाचं नाव माहीत असतं ते विड्या-सिगारेटींमुळे. त्या मळ्यांचा इतिहास त्याला कुणी सांगत नाही.

मग 'एकच मुलूख' हा समज आला कुठून? त्यालाही एक धागा आहे. 8 मार्च 1948 ला सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग वगैरे संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि 1 मार्च 1949 ला कोल्हापूर झालं. तेव्हापासून 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत गोवा सोडून हा सगळा टापू खरोखरच एका सरकारच्या हाताखाली होता. उणीपुरी साडेसात वर्षं. आज जे नव्वदीकडे झुकलेत, त्यांचं बालपण या वर्षांतलं. त्यांनी सीमा पाहिली नाही हे खरंच आहे, फक्त ते राज्य साहेबाचं नव्हतं. मला वाटतं, नातवंडांपर्यंत पोचता पोचता ती साडेसात वर्षं ताणली जाऊन दीडशे झाली.

आता फुटकळ समज, भराभर.

'छप्पन्नला बेळगाव महाराष्ट्रातून काढून म्हैसूरला दिलं.' महाराष्ट्र राज्य जन्मलं 1 मे 1960 ला. बेळगाव गेलं ते मुंबई राज्यातून.

'अख्खा जिल्हा गेला.' चंदगड तालुका गेला नाही. राज्य पुनर्रचना कायद्यात तो नाव घेऊन वगळलाय. राकसकोपच्या पलीकडे गेलात की तो लागतोच, आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

'संयुक्त महाराष्ट्राची मागणी मुंबईत सुरू झाली, आपण नंतर मागे लागलो.' मे 1946 मध्ये तो ठराव झाला बेळगावच्या साहित्य संमेलनात, अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर.

'महाजन आयोग आपल्यावर लादला.' सीमावादासाठी आयोग नेमावा ही मागणी महाराष्ट्राचीच होती, त्यासाठी सेनापती बापटांनी उपोषण केलं होतं. न पटला तो आयोगाचा निकाल.

'महाजननं महाराष्ट्राला काहीच दिलं नाही.' 1967 च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलंय, आणि महाराष्ट्रातली 247 म्हैसूरला. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, तो या कारणानं. अहवाल न वाचता फेटाळणारे दोन्ही बाजूंना सारखेच भेटतात.

'राज्यांची हद्द कोर्टात ठरते असं जगात कुठं झालंय?' अमेरिकेतच झालंय. ऱ्होड आयलंडनं मॅसॅच्युसेट्सवर वसाहतकाळातल्या रेघेवरून खटला भरला, तेव्हा राज्यांच्या सीमांचा निवाडा करायचा अधिकार आपल्याला आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1838 मध्ये ठरवलं. आपल्या घटनेच्या 131 व्या कलमात राज्याराज्यांतल्या दाव्यांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाची वाट आहे आणि महाराष्ट्राचा 2004 चा सीमादावा त्याच वाटेनं गेलाय. आणि इतका वेळ लागतोच कसा, असं विचारणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांनी हद्दीचा करार 1834 मध्ये केला होता. त्या हद्दीतलं एलिस बेट कुणाचं, याचा निकाल लागला 1998 मध्ये.