सुरू न होणारा संगणकीय खेळ : कारणमीमांसा, निदान आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

संगणकीय खेळ हा आज केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही. माध्यमविद्या, इतिहास, मानसशास्त्र व संगणकशास्त्र या विद्याशाखांत त्याचा अभ्यास होतो. मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रीतसर विकत घेतलेली सीडी आजच्या संगणकात घातली, तर पुष्कळदा खेळ सुरूच होत नाही. अशा वेळी 'सीडी खराब झाली' असे म्हणून ती बाद केली जाते. हा निष्कर्ष घाईचा असू शकतो. सीडी निर्दोष असते, खेळाची आज्ञावलीही जशीच्या तशी असते. बदललेली असते ती तिच्या भोवतालची व्यवस्था. प्रस्तुत लेखात विंडोज कार्यप्रणालीवरील अशा खेळांच्या संदर्भात निदानाची पद्धत व तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

निदानाची पद्धत :

निदानाचा पहिला नियम प्रयोगशाळेतलाच आहे : एका वेळी एकच घटक बदलावा व परिणामाची नोंद ठेवावी. पडद्यावर येणारा संदेश शब्दशः लिहून घ्यावा. संदेश न येता खेळ बंद पडत असेल, तर विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहीत कोणत्या फाईलपाशी आज्ञावली थांबली याची माहिती पुष्कळदा मिळते. सीडीवरील फाईल्स संगणकाच्या डिस्कवर विनातक्रार उतरत असतील, तर सीडीच्या पृष्ठभागाविषयीची शंका बरीचशी दूर होते. त्यानंतर पुढील तीन कारणे क्रमाने तपासावीत.

१) आज्ञावलीची जात : विंडोज ९५ च्या काळातील काही आज्ञावल्या १६-बिट स्वरूपाच्या होत्या. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या त्या चालवीत नाहीत. विंडोज ११ (२०२१) तर केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. कित्येकदा खेळ स्वतः ३२-बिट असतो, परंतु त्याची स्थापना करणारी आज्ञावली १६-बिट असल्यामुळे काम आरंभीच थांबते. डॉसवरील खेळांसाठी 'डॉसबॉक्स' (२००२) ही मुक्त आज्ञावली जुन्या संगणकाचे अनुकरण करते.

२) अनुपस्थित साहाय्यक फाईल्स : डायरेक्टएक्स ९ वर आधारलेल्या खेळांना काही साहाय्यक फाईल्स लागतात. नव्या विंडोजमध्ये त्या सर्व मुळात नसतात. मायक्रोसॉफ्टने जून २०१० मध्ये काढलेला त्यांचा संच स्थापित केल्यास ही अडचण दूर होते. तसेच 'डायरेक्टप्ले' हा घटक विंडोज ८ पासून मुळात बंद ठेवलेला असतो; तो विंडोजच्या वैकल्पिक घटकांच्या यादीतून चालू करता येतो. एखादी फाईल नाही असे दिसताच ती अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेणे मात्र धोक्याचे आहे.

३) प्रतिलिपीविरोधी कुलूप : हे कारण सर्वांत फसवे आहे. येथे आज्ञावली कालबाह्य झालेली नसते, फाईलही हरवलेली नसते. तरी खेळ उघडत नाही, किंवा सीडी आत असूनही सीडी घालण्याची सूचना येते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शेकडो खेळांत मॅक्रोव्हिजन कंपनीची 'सेफडिस्क' ही संरक्षणपद्धती वापरली गेली. 'रोलरकोस्टर टायकून २' (२००२) हे तिचे एक उदाहरण. सीडीवर सामान्य प्रतिलिपीत न उतरणाऱ्या खुणा ठेवल्या जात आणि एक ड्रायव्हर त्या खुणांची पडताळणी करून मगच खेळ उघडू देत असे.

हा ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, सर्वोच्च अधिकारांनिशी चालत असे. त्यातील दोषाचा गैरफायदा घेऊन सामान्य वापरकर्त्याला संगणकावर पूर्ण ताबा मिळवता येणे शक्य होते. म्हणून विंडोज १० (२०१५) मध्ये त्याला स्थान देण्यात आले नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा-सुधारणेने तो जुन्या आवृत्त्यांतही बंद करण्यात आला. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे खेळ विकत घेणाऱ्याच्या हाती किल्ली नसलेले कुलूप राहिले.

उपाय आणि कायद्याची चौकट :

कुलूप नसलेली अधिकृत नवी आवृत्ती घेणे हा सर्वांत सोपा उपाय होय. 'जीओजी' ही सेवा २००८ पासून असे जुने खेळ विकते. 'ओपनआरसीटी२' या प्रकल्पाने रोलरकोस्टर टायकून २ ची आज्ञावली नव्याने लिहिली आहे. तिला मूळ खेळाच्या चित्र-ध्वनीच्या फाईल्स तेवढ्या लागतात. अन्य खेळांसाठी विंडोज एक्सपी असलेला जुना संगणक, महाजालापासून पूर्णतः अलग ठेवून, वापरणे इष्ट.

भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) अन्वये आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला सुरक्षेसाठी राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे दंडनीय ठरवते. त्याच दुरुस्तीतील कलम ५२(१)(एन) बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी अंकीय साठवणुकीची मुभा देते. मात्र अट अशी की, ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असावी. छापील पुस्तकाला ही तरतूद लागू पडते. जन्मतःच अंकीय असलेला खेळ मात्र तिच्या शब्दांत बसत नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. म्हणजे अधिकृत नव्या आवृत्तीचा सोपा मार्ग बहुसंख्य खेळांना मोकळाच नाही.

निष्कर्ष :

खेळ सुरू न होणे हा नेहमीच वस्तूचा दोष नसतो. पुष्कळदा वस्तू आणि परिस्थिती यांच्यातील तुटलेल्या संबंधाचे ते लक्षण असते. पुस्तक कपाटात राहिले तरी वाचता येते. आज्ञावलीचे तसे नाही. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातील प्रत्येक सीडीसाठी कार्यप्रणालीची आवृत्ती, आवश्यक साहाय्यक घटक, अनुक्रमांक आणि कुलपाचा प्रकार यांची नोंद दाखलपत्रकात करावी. हे काम एखादा जुना संगणक चालू स्थितीत आहे तोवरच करता येईल. त्यानंतर सीडी हाती असेल, पण तिच्यावर काय आहे हे पाहण्याचे साधन उरणार नाही.