जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही

आजचा विषय तुम्हाला फारच साधा वाटेल. चाक पंक्चर झालं, जॅक लावला, स्टेपनी बसवली, निघालो. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? मलाही एके काळी असंच वाटायचं.

एकदा पावसाळ्यात वरंध घाटात आमच्या गाडीचं पुढचं चाक बसलं. गाडी उतारावर होती आणि हँडब्रेक ढिला झालेला होता. पण पहिला गिअर टाकलेला आहे, गाडी जाते कुठे, असं म्हणत मी जॅक फिरवायला बसलो. चाक जमिनीवरून सुटलं आणि गाडी सरकली. जॅक आडवा झाला, गाडी खाली आपटली. माझा हात खाली नव्हता, एवढंच नशीब.

आता प्रश्न असा, की गिअरमध्ये असलेली गाडी सरकलीच कशी? याचं उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून इंजिनाची ताकद ज्या दोन चाकांना जाते, ती वेगवेगळ्या गतीने फिरू शकतील अशी सोय केलेली असते. यातलं एक चाक अधांतरी झालं, की ते हवेत उलटं फिरू लागतं आणि जमिनीवरचं त्याचं जोडीदार चाक मोकळं होतं. गिअरची पकड तिथेच संपते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून पुढचं चाक उचलताना हा धोका असतो. ऑटोमॅटिक गाडीतल्या ‘पी’चंही तसंच.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांना लागतो. म्हणजे मागचं एक चाक उचललं, की त्याची अर्धी पकड गेली. म्हणून हँडब्रेकही ओढायचा, गिअरही टाकायचा, आणि या दोन्हींवर विसंबायचं नाही. जे चाक उचलायचं, त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला मागून-पुढून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. आपले ट्रकवाले थांबल्याबरोबर चाकाला दगड लावतात ना, ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट जॅकची. छोट्या गाडीचं वजन साधारण ९०० ते १००० किलो. एक कोपरा उचलला, तरी अडीचशे-तीनशे किलोचा भार तळहाताएवढ्या बुडावर येतो. मातीत ते बूड रुततं आणि जॅक कलतो. म्हणून शक्य तर गाडी सपाट, कडक जागी न्यावी. हळूहळू तिथवर नेताना टायर खराब झाला तरी चालेल, माणूस महत्त्वाचा. नाहीच जमलं तर जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवावी. आणि जॅक कुठेही लावायचा नाही. दाराखालच्या कडेला चाकाजवळ त्यासाठी ठरलेली जागा असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते.

आता क्रम सांगतो. आधी चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा. सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. चाकांना दगड लावा. मग नट ढिले करा, पण गाडी जमिनीवर असतानाच आणि फक्त अर्धा फेरा. गाडी जॅकवर असताना पान्यावर जोर दिला, तर तो जोर जॅकलाच पाडतो. त्यानंतर गाडी गरजेपुरतीच उचला. स्टेपनी बसवून नट हाताने लावा, गाडी खाली घ्या आणि मग समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळा. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

एक युक्ती लक्षात ठेवा. स्टेपनी बाहेर काढली की आधी ती गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा. स्टेपनी बसवायला बाहेर घेतलीत, की तिच्या जागी काढलेलं चाक ठेवा. जॅक सुटलाच, तर गाडी चाकावर टेकेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणूनही नाही, घरंगळलेला नट काढायलाही नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये भार तेलावर तोललेला असतो. आतलं सील गळलं की तो न सांगता खाली बसतो. खाली शिरायचंच असेल तर गाडी कडक जागी जॅक स्टँडवर टेकवा. विटा रचू नका, वीट एकदम फुटते.

पंक्चर चाक वाहत्या रहदारीच्या बाजूला असेल, तर तिथे बसूच नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा आणि कठड्यापलीकडे थांबा. अर्धा तास उशीर झाला तर घरचे रागावतील, रागावू द्या.