वल्द अमुक, साकिन तमुक

जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जमिनीच्या कागदांत माणूस एका ओळीत मावतो. अमुक वल्द तमुक, जात अमकी, साकिन मौजा अमका. वल्द म्हणजे मुलगा. लेक या ओळीत सहसा नसतेच. बाई आलीच तर ‘बेवा’ म्हणून, नवऱ्यामागे जमीन तिच्या नावावर चढली तेव्हा. पणजीच्या शोधात निघणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

हौसेने निघणारे थोडे. बहुतेकांना गरज निघायला लावते. 2006च्या वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराने 13 डिसेंबर 2005च्या आधीपासूनचा रहिवास आणि कब्जा दाखवायचा असतो. जंगलालगतचा ढिवर किंवा कुणबी मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो आणि त्याला तीन पिढ्या सिद्ध कराव्या लागतात. कायद्याच्या हिशेबात पिढी 25 वर्षांची, म्हणजे 1930 सालचा आजोबा हवा.

तो कुठे सापडतो, हे तो कुणाला काय देणं लागत होता त्यावर ठरतं. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी 1854मध्ये खालसा केलं, 1861मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्या दशकात मेजर लुसी स्मिथने चांद्याचा जमीन-महसुलाचा बंदोबस्त केला. सारा गोळा करून देणारे मालगुजार त्यात गावाचे मालक ठरले. बंदोबस्ताची मिसल वसुलीसाठी बांधलेली. ज्याच्याकडून काही यायचं त्याचं नाव तीत आहे: मालगुजाराचं ठळक, कुळाचं खसऱ्याच्या एका रकान्यात.

ढिवराचं काय? त्याचं पोट तलावावर, आणि तलाव मालगुजाराचा. (ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागातले ‘मामा तलाव’ ते हेच. माजी मालगुजारी या शब्दांची ती आद्याक्षरं. मामाचा काही संबंध नाही.) अशा माणसासाठी वाजिब-उल-अर्ज उघडावा. पाणी कुणी घ्यायचं, गुरं कुठे चारायची, सरपण कुठून आणायचं, हा गावचा रिवाज त्यात लिहिलेला असतो. अडचण अशी की रिवाज गावाच्या नावाने लिहिला जातो, एकेका माणसाच्या नाही. आजोबांचा हक्क सापडतो, आजोबा सापडत नाहीत.

विलायतेत साध्या माणसाचा माग काढायला एक जास्तीची वाट आहे. तिथे कारागिराच्या हाताखाली पोराला ठेवताना करार व्हायचा आणि 1710पासून त्यावर सरकारी कर बसला. त्या करवसुलीच्या वह्यांत उस्ताद, धंदा, शिकाऊ पोर आणि 1752पर्यंत बहुधा त्याच्या बापाचंही नाव मिळतं. आपल्याकडे लोहाराचं पोर बापाच्याच भात्यापाशी शिकलं. करार नाही, म्हणून कर नाही, म्हणून वहीही नाही.

भूमिहीनाला आधार कोतवाल बुकाचा. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर द्यायचा आणि ती नोंदली जायची. जात पडताळणीसाठी विदर्भात आजही लोक ‘कोतवाल बुकाची नक्कल’ मागतात ती हीच. माझ्या मते या साऱ्या दफ्तरात इतकी समदर्शी वही दुसरी नाही. मरायला सातबारा लागत नाही.

पूर्वेकडे, अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांच्या मुलखात, कागद विरळ होत जातो. जंगल जमीनदाराकडे, आणि आज इथे तर तीन वर्षांनी पलीकडे अशा फिरत्या शेतीला सर्व्हे नंबर कुठला? त्यात जिल्हेही हलत राहिले. सिरोंचा 1874पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्यात होतं. मालगुजारी आणि जमीनदारी 1951मध्ये संपली. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदावर ‘गडचिरोली जिल्हा’ शोधण्यात अर्थ नाही, तिथे चांदा किंवा नंतरचं चंद्रपूरच असणार.

एवढं करूनही ओळ तुटली, तर वनहक्क नियमांतला तेरावा नियम वाचावा. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ तो पुरावा म्हणून धरतो. विहीर, दफनभूमी, देवस्थान यांनाही धरतो. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लेखी सांगणंही त्यात बसतं. मात्र एकाहून जास्त पुरावे हवेत.

वंशावळ लिहायला बसाल तेव्हा गावातल्या एखाद्या म्हातारीला जवळ बसवा. आजोबांच्या बापाचं नाव विचारलंत, तर आधी ती त्यांच्या आईचं माहेर सांगेल. तेही लिहून घ्या. त्या गावचंही कोतवाल बुक असेल.