मुलीनं ‘एच. आर.’ घेतलंय? मग पुढं काय?

“आमची धाकटी एम. बी. ए. करतेय, एच. आर. घेतलंय,” असं हळदीकुंकवाला कुणी सांगितलं की बाकीच्या बायका कौतुकानं मान हलवतात, पण म्हणजे नेमकं काय, हे विचारायचा जरा संकोचच वाटतो. डॉक्टर काय करतो, इंजिनिअर काय करतो, हे सांगावं लागत नाही. ह्या एच. आर.चं तसं नाही. कुणाला वाटतं, नुसत्या मुलाखती घ्यायच्या. कुणाला वाटतं, ऑफिसातले वाढदिवस साजरे करायचे. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण एवढी फी भरून मुलीला शिकवायचं, ते काही केक कापण्यासाठी नव्हे!

पहिली नोकरी कोणती धरायची, याचा सल्ला मुली घरातच मागतात. म्हणून ह्या शिक्षणातून कोणत्या वाटा फुटतात आणि कोणती कुठवर जाते, हे आईला ठाऊक असलेलं बरं.

नाव नवं, काम जुनं

हे काम आपल्याकडे काही काल-परवा आलेलं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे. कामगारांची बाजू मांडणारे पुढारी उभे राहिले, तशी मालकांनाही माणसांचे प्रश्न समजणाऱ्या माणसांची गरज भासू लागली. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. कँटीनचं जेवण, पाळणाघर, पिण्याचं पाणी, तक्रारी हे सारं त्याच्याकडं असे.

शिक्षणाच्या सोयीही जुन्याच. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, जमशेदपूरची एक्स. एल. आर. आय. १९४९ ची. परळला राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे. तिला आज लोखंड्यांचंच नाव आहे. पुढं १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव ह्या अहमदाबादच्या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्यानं लार्सन अँड टुब्रोनं मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग काढला. त्यानंतर हळूहळू ‘पर्सोनेल’ची पाटी उतरली आणि ‘एच. आर.’ची लागली.

चार वाटा

पहिली वाट भरतीची. कामाला योग्य माणूस शोधायचा, अर्ज चाळायचे, मुलाखती ठरवायच्या. नव्या मुलींना हे काम सहज मिळतं आणि बोलक्या मुलींना आवडतंही. पण अर्ज चाळण्याचं बरंच काम आता संगणक करू लागला आहे. शिवाय धंदा मंदावला की आधी भरती थांबते आणि भरती करणारीच्या नोकरीवर गदा येते. दोन वर्षं शिकायला ही जागा ठीक. दहा वर्षं तिथंच राहणं शहाणपणाचं नाही.

दुसरी वाट पगाराची नि कायद्याची. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा हिशोब. काम किचकट, पण ते नीट करणाऱ्या बाईशिवाय ऑफिसचं पान हलत नाही. हिशोबाची आवड असलेल्या कॉमर्सच्या मुलीला ही वाट उत्तम.

तिसरी प्रशिक्षणाची. नव्यांना काम शिकवायचं, जुन्यांना नवं यंत्र किंवा नवी पद्धत समजावून द्यायची. मानसशास्त्र शिकलेल्या किंवा शिकवण्याची हौस असलेल्या मुली इथं रमतात.

चौथी कामगार संबंधांची, म्हणजे थेट कारखान्यातली. युनियनशी बोलणी, पगारवाढीचे करार, चौकशा, तक्रारी, अपघात झाला तर पुढची धावपळ.

कारखान्याला नाक मुरडू नका

ह्या चौथ्या वाटेवरच घरात अडतं. “मुलीच्या जातीनं कारखान्यात कशाला? त्यापेक्षा ऑफिसातली एसीतली नोकरी बरी.” आईचा जीव आहे, काळजी वाटणारच. पण ह्या क्षेत्रात वर चढायचं तर कारखान्यातली दोन-तीन वर्षं फार उपयोगी पडतात. पगाराचा करार कसा होतो, नोटीस कशी लिहितात, चिडलेल्या चाळीस माणसांसमोर आवाज न चढवता कसं बोलायचं, हे वर्गात बसून येत नाही. पुढं सबंध कंपनीच्या माणसांची जबाबदारी सोपवताना वरची मंडळी अशाच अनुभवाकडं बघतात.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात दुपारच्या पाळीचे लोक रोज उशिरा येताहेत. कागदावरचं उत्तर सोपं : पगार कापा. पण शॉपवर जाऊन चार माणसांशी बोललेल्या मुलीला कळतं, की कंपनीच्या बसची वेळ बदलली आहे. बस दहा मिनिटं आधी सोडली की प्रश्न मिटतो. हे ऐकून घ्यायला कामगाराची भाषा यावी लागते. इथं आपल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुली मुळीच मागं नाहीत. त्यांचं मराठी हेच त्यांचं भांडवल!

काळजीचं म्हणाल, तर ती प्रश्न विचारून कमी करता येते. नव्या कायद्याप्रमाणे संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहाच्या आत बाईला कामावर ठेवायचं, तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची सोय करावी लागते. नेण्या-आणण्याची गाडी आहे का, बायकांची स्वच्छतागृहं कशी आहेत, आणखी किती बायका कामाला आहेत, हे रुजू होण्याआधीच विचारावं. उत्तर सरळ आलं नाही, तर ती नोकरी सोडून द्यावी. वाट सोडू नये.

कायदे बदललेत

मुलीची जुनी गाइडं बाजूला ठेवायला सांगा! कामगारांचे २९ कायदे एकत्र करून चार संहिता झाल्या आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कल्याण अधिकारी नेमण्याची पाचशेची मर्यादा कारखान्यांसाठी अडीचशेवर आली आहे. बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे आहे, आणि पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय हवी. बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वेगळा आहेच : दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती हवी, आणि तिची अध्यक्ष बाईच असली पाहिजे. हे सारं पाठ असलेली मुलगी मुलाखतीत उठून दिसते.

प्रवेश आणि नोकरी घेताना

• संस्थेला विद्यापीठाची किंवा ए. आय. सी. टी. ई.ची मान्यता आहे ना, हे स्वतः तपासा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

• “सर्वांत मोठा पगार किती मिळाला?” हे विचारू नका; तो एकाच मुलाला मिळालेला असतो. “वर्गातल्या कितीजणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले?” हे विचारा.

• उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कारखाना मिळत असेल, तर तो घ्यावा. आवड-नावड तिथंच कळते.

• सगळ्यांनाच एम. बी. ए. परवडत नाही. समाजकार्याची एम. एस. डब्ल्यू. किंवा कामगार कायद्याची पदविका घेऊनही ह्या क्षेत्रात शिरता येतं.

• नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या एजन्सीला दारातूनच नमस्कार करावा.

• पाटी ‘एच. आर. एक्झिक्युटिव्ह’ची आणि काम दिवसभर फोन फिरवायचं, पगार कमिशनवर, अशा जागा पुष्कळ आहेत. नेमणुकीच्या पत्रात कामाचं स्वरूप नि ठरलेला पगार लिहून मागा.

एक गोष्ट मात्र मुलीला आधीच सांगून ठेवावी. ह्या कामात कधी मालकाला कामगार बरोबर आहे हे सांगावं लागतं, तर कधी कामगाराला मालक. दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. सासर-माहेरच्या मध्ये उभं राहून आपण जे वर्षानुवर्षं करत आलो, तेच हे काम. फरक इतकाच, की तिला त्याचा पगार मिळणार आहे. तेव्हा ‘कारखाना नको’ म्हणण्याआधी एकदा तिचं ऐकून घ्या.