निरोपाचा कार्यक्रम, दरवर्षी

4 ऑगस्ट 1979. इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या विस्तीर्ण आवारात लेड झेपेलिनला ऐकायला अफाट गर्दी लोटली होती. मुख्य पाहुणे मंचावर यायच्या आधी दिवसभर इतर बँड वाजवत होते. त्यांतलाच एक फेअरपोर्ट कन्व्हेन्शन. आपली पाळी संपल्यावर या मंडळींनी वाद्यं गाडीत टाकली आणि ऑक्सफर्डशायरमधलं क्रॉप्रेडी नावाचं खेडं गाठलं. तिथल्या शेतात संध्याकाळी त्यांचा आणखी एक कार्यक्रम होता, त्यांचा स्वतःचा निरोपसमारंभ.

बारा वर्षं चालवलेला संसार आता मोडायचा ठरला होता. पंकच्या धडाक्यात त्यांचं संगीत कुणी विचारेनासं झालं होतं. करारातले उरलेले अल्बम करू नका म्हणून रेकॉर्ड कंपनीने उलट त्यांनाच पैसे दिले होते. व्हायोलिन वाजवणाऱ्या डेव्ह स्वॉर्ब्रिकचे कान वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात वाजवून निकामी व्हायला लागले होते. तो आणि बास गिटार वाजवणारा डेव्ह पेग राहायला क्रॉप्रेडीतच होते. तेव्हा शेवटचं वाजवायचं ते आपल्या गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, असा साधा हिशोब.

पुढच्या वर्षी जुनी मंडळी ‘एकदा भेटू या’ म्हणून त्याच गावात पुन्हा जमली. त्याच्या पुढच्या वर्षीही जमली. कोविडची दोन वर्षं वगळता हा सिलसिला आजवर चालू आहे. 1985 साली बँडने ‘ग्लॅडिस लीप’ हा नवा अल्बम काढला, म्हणजे निरोपही अधिकृतपणे रद्द झाला. सातशेच्या आसपास वस्तीच्या या गावात ऑगस्टमधले तीन दिवस वीस हजार माणसं मावतात. मंच एकच. शनिवारी रात्री शेवटचे तीन तास यजमानांचे.

फेअरपोर्टवर लिहिणारे बहुतेक जण 1969च्या ‘लीज अँड लीफ’ या अल्बमपाशी येऊन थांबतात. बीबीसी रेडिओ 2च्या श्रोत्यांनी 2006 साली त्याला आजवरचा सर्वांत प्रभावी लोकसंगीत अल्बम ठरवलं आणि त्यात गैर काही नाही. तरी माझं मत असं, की या बँडची खरी कमाई अल्बम नसून ते शेत आहे. कसं ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

1967 साली उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागात ‘फेअरपोर्ट’ नावाच्या घरात काही पोरं वाजवायला जमायची. हे घर गिटारवादक सायमन निकोलचं, खाली त्याच्या वडिलांचा दवाखाना असायचा. घरावरून बँडला नाव मिळालं. तेव्हा त्यांना इंग्लंडच्या मातीशी काही देणंघेणं नव्हतं. अमेरिकेत 1965 साली बॉब डिलनने न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, बर्ड्‌सने त्याचंच गाणं रॉकच्या थाटात गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि फोक-रॉक हा शब्द रूढ झाला. लंडनची ही पोरं त्याच वाटेने चालली होती. जेफर्सन एअरप्लेन या अमेरिकन बँडवरून लोक त्यांना ‘इंग्लंडचे जेफर्सन एअरप्लेन’ म्हणत. मग 1968 साली द बँड या गटाचा पहिला अल्बम आला. आपल्या मुळांवर उभं राहून वाजवलेलं अमेरिकन संगीत ऐकून फेअरपोर्टमधल्या रिचर्ड थॉम्प्सन आणि इतरांना कळून चुकलं, की याची नक्कल करण्यात अर्थ नाही, करायचंच तर आपल्या मातीतलं करायला हवं. त्याच वर्षी सँडी डेनी ही गायिका फेअरपोर्टमध्ये आली. लंडनच्या लोकसंगीताच्या क्लबांत गाऊन तयार झालेली, पारंपरिक गाण्यांचा साठा घेऊन आलेली. पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘अ सेलर्स लाइफ’ या अकरा मिनिटांच्या गाण्यात पाहुणा म्हणून स्वॉर्ब्रिकचं व्हायोलिन होतं. जुनं गाणं इलेक्ट्रिक वाद्यांवर पेलतं, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

आणि मग 12 मे 1969ची पहाट. बर्मिंगहॅमचा कार्यक्रम उरकून परतताना एम-वन महामार्गावर त्यांची गाडी उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल, वय वर्षं एकोणीस, आणि थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन अपघातात गेले. बाकीचे जखमी. बँड बंद करायचा की चालवायचा, यावर बराच खल झाला. चालवायचा ठरलं, पण लॅम्बलबरोबर वाजवलेली गाणी पुन्हा वाजवायची कुणाची तयारी नव्हती. निर्माता जो बॉइडने विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन या आडगावी त्यांच्यासाठी घर शोधलं. तो उन्हाळा मंडळी तिथेच राहिली. स्वॉर्ब्रिक आता पाहुणा न राहता घरचा झाला. नवा ड्रमर डेव्ह मॅटॅक्स हा नाचाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा, त्याला लोकसंगीताचा गंधही नव्हता. बासवादक अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात बसून जुन्या गाण्यांची बाडं चाळू लागला.

या वास्तूला ज्याचं नाव दिलंय त्या सेसिल शार्पविषयी थोडं सांगायला हवं. 1903 साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी हा संगीतशिक्षक मित्राच्या घरी, म्हणजे तिथल्या पाद्र्याच्या घरी उतरला होता. बागेत काम करता करता गाणाऱ्या जॉन इंग्लंड या माळ्याचं गाणं त्याने टिपून घेतलं. तिथून पुढे हजारो चाली त्याने गोळा केल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत जाऊन, तिथे स्थायिक झालेल्यांच्या तोंडी टिकलेली इंग्लिश गाणीही उतरवून आणली. पण शार्पने ही गाणी छापली ती पियानोची साथ बसवून, शाळेतल्या पोरांना म्हणता येतील अशी. त्यामुळे 1969 साली इलेक्ट्रिक गिटारने परंपरा बाटली म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की माळ्याच्या बागेत पियानो होता का?

दिवाणखाना आणि वर्ग अशी वळणं घेऊन आलेल्या या गाण्यांना फार्ली चेंबरलेनमध्ये ड्रम मिळाले. हे सोपं काम नव्हतं. इंग्लंड-आयर्लंडच्या नाचाच्या चालींत जिग आणि रील हे दोन मुख्य प्रकार. जिग आपल्या दादऱ्यासारखी, तीन-तीनच्या गटांत झुलणारी. रील चाराची, केहरव्याच्या जवळ जाणारी, पण भरधाव. व्हायोलिन या चालींत सुरांच्या बारीक फुलबाज्या सोडतं. ड्रमरने तेवढ्याच वेगाने काड्या चालवल्या तर नुसता कल्लोळ होतो. मॅटॅक्सने उलटं केलं. वरचं व्हायोलिन धावू दिलं आणि आपण खाली जड, सुट्टे, मोजके ठोके ठेवले. वरचा वेग आणि खालचा संथपणा यांतली ही ओढ म्हणजेच इंग्लिश फोक-रॉक. नंतरच्या बँडांनी हीच युक्ती उचलली.

24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हे सगळं पहिल्यांदा लोकांसमोर आलं. आरंभीच्या कलाकारांत निक ड्रेक नावाचा एक लाजाळू तरुण होता, तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. डिसेंबरात ‘लीज अँड लीफ’ दुकानांत आला, पण तोवर हचिंग्ज आणि सँडी डेनी दोघंही बँड सोडून गेले होते. हचिंग्जला आणखी खोल परंपरेत शिरायचं होतं, त्याने स्टीलआय स्पॅन काढला. सँडीला स्वतःची गाणी लिहायची होती. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बममध्ये त्यांचा गायक रॉबर्ट प्लँटसोबत जो एक स्त्रीस्वर ऐकू येतो तो तिचा. 1978 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली.

पुढचा सगळा इतिहास माणसांच्या ये-जा करण्याचा आहे. 1971 साली थॉम्प्सनही गेला, वर्ष सरता सरता निकोलही गेला आणि स्थापनेच्या वेळचा एकही माणूस नसलेला फेअरपोर्ट वाजवत राहिला. निकोल पुढे परत आला. जुन्या तमाशाच्या फडासारखं हे प्रकरण आहे. सोंगाड्या बदलतो, ढोलकीवाला बदलतो, फडाचं नाव मात्र कनातीवर तेच राहतं आणि लोक नावाला येतात. आजवर पंचवीस-एक माणसं या फडात नांदून गेली. त्यांतले बरेच दर ऑगस्टला परत येतात आणि दोन गाणी वाजवून जातात. रुसवेफुगवे एवढे झाले असताना हे टिकलं कसं, याचं उत्तर क्रॉप्रेडीच्या शेतात मिळतं. भांडण कुणाशीही असो, शेताशी कुणाचंच नव्हतं.

मी गेले ती कोविडच्या आधी. गाव ऑक्सफर्ड कालव्याच्या काठी. कालव्यात लांबट बोटी एकामागे एक लागलेल्या, त्यांच्या टपांवर कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे. जवळच चारवेल नदीचा पूल. 1644 साली राजा चार्ल्सच्या आणि पार्लमेंटच्या फौजा इथे भिडल्या होत्या. आता त्याच रस्त्याने मंडळी घडीच्या खुर्च्या बगलेत मारून, छत्र्या आणि थर्मास घेऊन चालली होती. वय बहुतेकांचं साठीच्या पुढे, पण सोबत लेकरं-नातवंडंही. सकाळच्या न्याहारीचे पाट गावकऱ्यांनीच मांडलेले. शेत मंचाच्या दिशेने उतरत जातं, त्यामुळे मागे बसलेल्यालाही दिसतं. आपला कंपू सापडावा म्हणून लोकांनी उंच काठ्यांना झेंडे लावलेले. त्यांत देशांचे होते, फुटबॉल क्लबांचे होते, आणि एकावर नुसती किटली रंगवलेली होती.

पाहुण्यांच्या यादीचा नेम नसतो. 2013 साली या शेतात अ‍ॅलिस कूपर येऊन गेला, 2018 साली बीच बॉइजचा ब्रायन विल्सन. लोकसंगीताच्या जत्रेत हे कशाला, असं विचारणारा इथे एकही भेटला नाही.

शनिवारी नऊच्या सुमाराला निकोल, पेग, ख्रिस लेस्ली, रिक सँडर्स आणि ड्रमवर गेरी कॉनवे असे पाच जण मंचावर आले. स्पष्टच सांगते, मधला तासभर सैल होता. नव्या अल्बममधली गाणी नेटकी होती, पण ऐकताना लोक बिअर आणायला उठत होते. फेअरपोर्ट आता नुसत्या स्मरणरंजनावर जगतो, असं म्हणणाऱ्यांना त्या तासात भरपूर माल मिळाला असता.

मग निकोलने ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ सुरू केलं. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात 305 कथागीतांचा जो कोश केला त्यात हे 81 क्रमांकाचं. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्लिश नाटकातही त्याचा तुकडा सापडतो. गोष्ट अशी. सणाच्या दिवशी चर्चमध्ये सरदाराची बायको मॅटी नावाच्या साध्या पोराला घरी बोलावते. नोकर धावत जाऊन धन्याला खबर देतो. सरदार परततो तेव्हा दोघं झोपलेले. तो पोराला उठवतो, कपडे घालायला लावतो, नि:शस्त्राला मारलं म्हणायला नको म्हणून आपल्याच दोन तलवारींपैकी चांगली त्याला देतो आणि मारतो. मग बायकोला विचारतो, आता कोण आवडतो? ती मेलेल्याचं नाव घेते. तीही मरते. शेवटी दोघांना एका खड्ड्यात पुरायचा हुकूम होतो, फक्त बाईला वर ठेवा म्हणून, कारण ती खानदानी. थडग्यातसुद्धा जात सुटत नाही, हे इंग्लिश शेतकऱ्याने चारशे वर्षांपूर्वी गाण्यात घालून ठेवलंय.

शब्द इंग्लंडचे असले तरी फेअरपोर्टने त्यांना बसवलेली चाल अ‍ॅपलेशियन डोंगरातली, ‘शेडी ग्रोव्ह’ या गाण्याची. म्हणजे चाल अमेरिकेची फेरी मारून आलेली, शब्द कोशातून आलेले आणि वाद्यं लंडनच्या दुकानातली. तरीही शेतात ते गाणं उपरं वाटलं नाही. शेजारच्या खुर्चीतले आजोबा नातीला कानात पुढचं कडवं आधीच सांगत होते. तलवारीच्या प्रसंगाला खुर्च्यांवरची मंडळी उठून उभी राहिली. गोष्ट संपली, शब्द थांबले आणि वाद्यं मोकाट सुटली. पन्नास वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणात हा भाग मी अनेकदा ऐकलेला आहे. पण स्पीकरमधून आलेली बासची धडक जमिनीतून पायात चढते, हे घरी बसून कळत नाही. जमाव गोष्ट जाणतो म्हणून गायक ती निवांत सांगू शकतो, आणि गायक निवांत आहे म्हणून जमाव तिच्यात शिरतो. रेकॉर्डवर यातली एकच बाजू उमटते, म्हणून अल्बमपेक्षा शेत मोठं.

शेवटचं गाणं ठरलेलं, ‘मीट ऑन द लेज’. थॉम्प्सनने विशीच्या आत लिहिलेलं, 1968 साली सिंगल म्हणून काढलं तेव्हा आपटलेलं. गेलेल्या मित्रांच्या भेटीचं हे गाणं लिहिलं गेलं तेव्हा लॅम्बल जिवंत होता. आता ते वीस हजार माणसं गातात, आणि प्रत्येकाच्या यादीत वेगळी नावं असतात. गेरी कॉनवेही 2024 साली त्या यादीत गेला.

स्वॉर्ब्रिकचं नाव त्या यादीत एकदा वेळेआधीच पडलं होतं. 1999 साली तो आजारी असताना लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने त्याचा मृत्युलेख छापून टाकला. बाबा शुद्धीवर आले, लेख वाचला, आणि बरे झाल्यावर त्याच्या प्रती सही करून कार्यक्रमात विकू लागले. पुढे दोन्ही फुप्फुसांचं रोपण करून घेतलं, पुन्हा वाजवलं, आणि 2016 साली खरोखरच गेले.

ऑगस्टमध्ये इंग्लंडला मुलाबाळांकडे जाणं होत असेल, तर लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनातून बॅनबरीची गाडी पकडा. तासाभराचा प्रवास, तिथून क्रॉप्रेडी चार-एक मैल. घडीची खुर्ची आणि रेनकोट विसरू नका. आणि परतीच्या गाडीच्या धास्तीने शनिवारी रात्री लवकर उठू नका. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ शेवटून दुसरं असतं.