मेंदूच्या रक्ताचा जमाखर्च

शरीराच्या वजनात जेमतेम 2 टक्के भरणारा मेंदू, शरीर स्वस्थ पडलेले असतानाही, शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के खर्च करतो आणि शिल्लक अशी जवळजवळ काहीच ठेवीत नाही. हा प्राणवायू आणणारा रक्तपुरवठा विचाराबरोबर बदलतो काय, या प्रश्नाचा प्रत्यक्ष छडा लावण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरीन येथे संशोधन करणारे इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांचे. कवटीचे हाड फुटल्यामुळे ज्याच्या मेंदूचे स्पंदन यंत्रावर रेखाटता येई, अशा एका शेतकऱ्यावर प्रयोग चालू असता दुपारची चर्चची घंटा वाजली; तत्क्षणी हाताच्या नाडीत तसा फरक नसताना मेंदूचे स्पंदन उसळले, आणि या वेळी प्रार्थना म्हणावयास हवी होती काय, असे मोस्सोंनी विचारताच ते पुन्हा वाढले.

1890 साली रॉय आणि शेरिंग्टन यांनी असे प्रतिपादन केले की, कार्यरत भागात निर्माण होणारी द्रव्येच तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. 1928 साली जॉन फुल्टन यांनी बॉस्टनमधील एका रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या डोक्याच्या मागील बाजूस रक्तवाहिन्यांच्या विकृत गुंत्यातून येणारा घरघराट तो वाचू लागला की वाढे, परंतु तंबाखूचा वास घेतल्याने वाढत नसे.

यानंतर सीमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइडच्या साह्याने मनुष्याच्या मेंदूतील प्रवाह मोजला: दर 100 ग्रॅममागे मिनिटाला सुमारे 54 मिलिलिटर. मात्र 1955 साली सोकोलॉफ प्रभृतींनी मनातल्या मनात हिशेब करणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा एकूण आकडा ढळलाच नाही. मला हा निष्कर्ष साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. कारण विचार करताना खजिना वाढत नाही, वाटणी बदलते, हे त्याने सूचित केले.

औषधांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. बार्बिट्युरेटे मेंदूचे कार्य मंद करतात आणि त्याबरोबर प्रवाहही घटवितात. येथे दोहोंचा मेळ बसतो. ॲसिटाझोलामाइड मात्र, मेंदूस अधिक काम न लावता, प्रवाह वाढविते, आणि म्हणूनच रक्तवाहिन्यांची राखीव क्षमता अजमावण्यास ते वापरतात. कॉफीतील कॅफीन याच्या नेमके उलट: ते ॲडिनोसिन या द्रव्याची ग्राहके अडवून रक्तवाहिन्या आकुंचित करते, प्रवाह लक्षणीय घटविते, आणि तरीही मनुष्य अधिक तरतरीत होतो. रोजची कॉफी एकाएकी बंद करणाऱ्याचे डोके दुखते, त्यामागे याच वाहिन्यांचे पुन्हा रुंदावणे हे एक कारण मानले जाते.

1990 साली सेइजी ओगावा यांनी मांडलेल्या तत्त्वावर आज मेंदूच्या कार्याच्या चुंबकीय प्रतिमा घेतल्या जातात. त्याही रक्तातील प्राणवायूचा फरक दाखवितात, प्रत्यक्ष विचार नव्हे. तेव्हा मेंदूचा रक्तप्रवाह वाढवून बुद्धी वाढविण्याची हमी देणारे औषध कोणी पुढे केले, तर वाचकांनी त्या प्रवाहाचा पुरावा पुरेसा मानू नये. बुद्धीत प्रत्यक्ष काय फरक पडला, याचा स्वतंत्र पुरावा मागावा.